‘पात्र’ कोण आणि घर कोणाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात ती गेली. याचा आनंद आम्हालाही झाला. सार्वजनिक संडासापुढे डबा घेऊन जे कधी उभे राहिले नाहीत, त्यांनी चाळीच्या गॅलरीचे गोडवे गाऊ नयेत. तेव्हा आमची टीका त्या कुटुंबांवर नाही. ज्या विचाराने ही घरे दिली गेली, त्या विचारावर आहे.

थोडे मागे जाऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते १९२० चे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून त्याने २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. गंमत बघा, पहिल्या काही वर्षांत यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्याच पडून होत्या. भाडे परवडेना आणि गिरणी लांब पडे. कामगाराला छपरासोबत भोंग्याच्या वेळेला पोचता येईल असे अंतरही हवे असते, हे सरकारला तेव्हा कळले नव्हते. पुढे चाळी भरल्या, इतक्या की एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे आली. पण मालक सरकारच राहिले. वाईट मालक, गळक्या छताचा मालक, तरी सार्वजनिक मालक. एक भाडेकरू गेला की खोली दुसऱ्या गरजूला मिळावी, हे निदान कागदावर तरी शक्य होते.

पुनर्विकासाने नेमके हेच संपवले. वृत्तपत्रांत ‘चाळींना नवसंजीवनी’ असे छापून येते. संजीवनी इमारतीला मिळाली असेल, सार्वजनिक घराला नाही. सार्वजनिक घर त्या दिवशी खाजगी झाले.

इथे आम्हाला ‘पात्र’ हा शब्द थांबवतो. पात्र भाडेकरू, अपात्र झोपडीधारक, पात्रता यादी, पात्रता निश्चिती. हा शब्द आला कुठून? दानाच्या परिभाषेतून. सत्पात्री दान म्हणतो ना आपण, तिथून. धर्मशास्त्राने दानासाठी दोन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: देणाऱ्याचे त्या वस्तूवरचे स्वत्व संपले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे. गाय दिली की दाता मोकळा. आजचे गृहनिर्माण धोरण याच चौकटीतले आहे. सरकार एकदा घर देते आणि जबाबदारीतून मोकळे होते. खर्च भागवायला उरलेल्या जमिनीवर विक्रीचे मनोरे उभे राहतात. मग पुढच्या पिढीतल्या गरजूसाठी द्यायला काही शिल्लक राहत नाही.

दुसरी वाट नसते असे नाही. आपल्या चाळींनंतर काही वर्षांतच, १९३० मध्ये, व्हिएन्नात कार्ल मार्क्स होफ ही कामगार वसाहत खुली झाली. जवळजवळ चौदाशे घरांची. नंतर तिची मोठी दुरुस्ती झाली, पण नगरपालिका आजही मालक आहे आणि घरे भाड्याचीच आहेत. तिथे कोणी म्हणत नाही की मालकी दिल्याशिवाय नूतनीकरण होत नाही.

आणि दानात घेणाऱ्याला निवड नसते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन तीन वाटण्यांत विभागायची होती: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. बांधकामाखालची जमीन सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कामगारांच्या घरांची जमीन तिथे आटली. अर्ज आहेत पावणेदोन लाखांच्या घरात. सोडतींतून निघालेली घरे त्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग घरे कुठे? वांगणीला आणि शेलूला. कल्याण सोडा, अंबरनाथ सोडा, बदलापूरही मागे टाका. मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या कलम १७ चा अर्थ असा की हे घर नाकारले तर पुढचा दावाच संपला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा जमल्या, तेव्हा कुठे ते कलम काढण्याचे आश्वासन मिळाले. हक्क असता तर असे कलम लिहिण्याची हिंमत झाली नसती. १९२० च्या दशकात अंतराने शिकवलेला धडा शंभर वर्षांनी पुन्हा पाठ करायचा आहे असे दिसते.

हे सगळे मुंबईचे, आपल्याला काय, असे ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी म्हणू नये. गिरणगावातली किती घरे संपानंतर कळवा, दिवा, डोंबिवलीत आली, ते इथल्या प्रत्येक आळीला ठाऊक आहे. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. घर किती? पुन्हा १६० चौरस फूट! पण विचार योग्य होता, कारण घर भाड्याचे होते. तो टिकला नाही. ठाण्यातली ती घरे धोकादायक इमारतींतल्या कुटुंबांसाठी संक्रमण शिबिरासारखी वापरली गेली. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून त्या २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना विकल्या आणि चाव्यांसाठी त्यांना आणखी कित्येक वर्षे थांबवले. आपल्या कल्याण-डोंबिवलीत बीएसयूपीची हजारो घरे बांधून तयार असताना वर्षानुवर्षे कुलपात राहिली. का, तर पात्र लाभार्थ्यांच्या याद्यांचा घोळ. रिकामे घर आणि बेघर माणूस एकाच शहरात. मध्ये फक्त एक यादी. दानाच्या विचारात हे चालून जाते, कारण अपात्राला दिलेले दान वाया जाते म्हणतात. भाड्याच्या घरात एखादी निवड चुकली तर ती सुधारता येते, घर सार्वजनिकच राहते.

वरळी-नायगावच्या विक्रीच्या इमारती अजून पूर्ण व्हायच्या आहेत. त्यांतल्या काही म्हाडाने विकू नयेत, भाड्याने ठेवाव्यात. आज दिव्याहून पहाटेची लोकल पकडून परळच्या इस्पितळात जाणारी आया, लोअर परळच्या मनोऱ्यातला सुरक्षारक्षक यांचे नाव कुठल्याच पात्रता यादीत नाही, कारण त्यांची कोणती जुनी खोली पाडली गेलेली नाही. त्यांना परवडेल असे भाडे किती आणि तूट कोणी भरायची, यावर वाद होऊ शकतो. तो आता इथेच करू या. प्रश्न विचारा.