परक्या शहरातला एक दिवस

नगरानुभवाविषयीच्या समीक्षेत ‘फ्लानर’ ही संज्ञा इतकी सैल झाली आहे, की रस्त्यावर उतरलेला कोणताही निवेदक तिच्या कक्षेत ओढला जातो. बोदलेअरने १८६३ मधील ‘आधुनिक जीवनाचा चित्रकार’ या निबंधात रेखाटलेला आणि पुढे वॉल्टर बेंजामिनने पॅरिसच्या आच्छादित बाजारवीथींत शोधलेला हा पुरुष मूलतः त्या शहराचा रहिवासी असतो. गर्दीत तो अनामिक असला तरी गर्दी त्याला परकी नसते, आणि वेळ तर त्याच्या मालकीचाच असतो. सकाळी अनोळखी स्थानकावर उतरून संध्याकाळच्या गाडीपर्यंत एकट्याने, पायी शहर पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. शहराच्या स्मृतीऐवजी त्याच्या हाती नकाशा असतो आणि फुरसतीऐवजी मुदत. या दोघांना एकाच संज्ञेत बसवणे म्हणजे दोन भिन्न कथनप्रकारांची गल्लत करणे होय.

बेंजामिनला हा भेद ठाऊक होता. फ्रान्झ हेसेलच्या बर्लिनवरील पुस्तकाचे परीक्षण करताना १९२९ साली त्याने असे प्रतिपादले, की चित्रवत् आणि विलक्षण यांची ओढ उपऱ्याला असते. आपल्याच शहराविषयी लिहिणारा मात्र परमुलुखाऐवजी भूतकाळाच्या प्रवासाला निघालेला असतो. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्याचा ‘मार्सेय’ हा लेख उपऱ्याच्याच दृष्टीतून लिहिलेला आहे, आणि तो या विभागणीला पुरता जुमानत नाही. आवाज, भिंती, शिंपल्यांचे ठेले, उपनगरे अशा छोट्या शीर्षकांखाली विखुरलेल्या या तुकड्यांना जोडणारा रस्ता लेखकाने मुद्दामच दिलेला नाही. बंदर आणि कामगारवस्ती यांच्यामधल्या ओसाड चौकातले कॅथीड्रल त्याला एखाद्या अवाढव्य रेल्वेस्थानकासारखे दिसते. ही उपमा केवळ चमत्कृती नव्हे. उंचावरच्या सँ-शार्ल स्थानकातून शहरात उतरणाऱ्याच्या ठायी त्या शहराविषयीची अन्य कोणतीही पूर्वस्मृती नसते. तेव्हा नुकतेच मागे टाकलेले स्थानक हेच त्याचे मोजमाप होते. स्थानिकाला ती वास्तू बालपणीच्या एखाद्या रविवारची आठवण देईल. उपऱ्याला ती आगमन आणि प्रयाण यांचीच आठवण देते. म्हणजे त्याचे अज्ञान ही येथे उणीव राहत नाही, उपमेची सामग्री बनते. लेख शेवटी उपनगरांकडे वळतो आणि तेथे शहर व गावरान यांच्यातली झटापट त्याला दिसते. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत असे ठिकाण सहसा नसते. तेथे पोचायला पायच लागतात.

मिशेल द सेर्तो याने दैनंदिन व्यवहारांवरील आपल्या १९८० च्या ग्रंथातील पायी चालण्याविषयीचे प्रकरण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एकशेदहाव्या मजल्यावरून सुरू केले. (२००१ साली तो मनोरा उद्ध्वस्त झाल्यापासून हे प्रकरण वेगळ्याच छायेत वाचले जाते.) वरून शहर वाचणारा आणि खाली ते चालून लिहिणारा, पण स्वतःचे लेखन वाचू न शकणारा, असे द्वंद्व त्याने मांडले. एका दिवसाचा उपरा या द्वंद्वात बसत नाही. उंचावरची ती नजर घडी घालून त्याच्या खिशात असते, आणि चौकाचौकात ती उलगडून पायांशी ताडून पाहावी लागते. जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथेच कथन सुरू होते. नकाशाबरहुकूम पार पडलेल्या दिवसाला सांगण्यासारखे फारसे नसते.

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा बव्हंशी लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने झाली. चालण्याच्या घटिताकडे, आणि चालताना सोबत कोण आहे याकडे, तिचे लक्ष कमी गेले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) निवेदकाला पत्नीची सोबत आहे. पाहिलेले तत्क्षणी कुणाला तरी सांगता येते, त्यावर शेरा येतो, आणि विनोदाला तेथेच उत्तर मिळते. एकट्या निवेदकाला ही सोय नसते. त्याला श्रोता संहितेतच निर्माण करावा लागतो. मराठीत त्यासाठी ‘आम्ही’हून वेगळे, ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आहे. ‘आपण डावीकडे वळतो’ असे वाक्य आले, की एकटेपण व्याकरणाच्या पातळीवर ओलांडले जाते. समीक्षेने या सर्वनामाचा हिशेब मागायला हवा, कारण त्यात जवळिकीइतकीच वाचकाची दिशाभूलही संभवते: जो स्वतःच वाट चुकू शकतो तो वाटाड्याचा सूर लावतो.

या प्रश्नाचा एक जुना मराठी पाठ महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त आहे. चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, ती स्थाने दिशा आणि देवळांची तोंडे सांगून तीत नोंदवली आहेत, म्हणजे ती कधीही न पाहिलेल्याला सापडावीत. येथे व्यक्तिमत्त्व नाही, लालित्यही नाही. तरीही अनोळखी गावी पोचणाऱ्याच्या गरजेतून घडलेला हा गद्याचा नमुना आहे, आणि अनोळखी स्थळ कधीच निखळ अनोळखी नसते, कुणाच्या तरी शब्दांतून ते आधी कानावर आलेले असते, हेही तो दाखवतो.

एक बाब उरते. मराठीत ‘एकटा हिंडणारा’ असे म्हणताच लिंग ठरते, आणि ‘एकटी हिंडणारी’ म्हणताच अर्थच्छटा बदलते. आधुनिकतेच्या वाङ्मयात स्त्री फ्लानर अदृश्य आहे, असे जॅनेट वुल्फ यांनी १९८५ साली दाखवून दिले. त्याआधी, १९२७ मध्ये, व्हर्जिनिया वुल्फच्या निबंधातील निवेदिकेला लंडनच्या, म्हणजे स्वतःच्याच, रस्त्यांवर हिवाळी संध्याकाळी निघण्यासाठी पेन्सिल विकत घेण्याचे निमित्त पुढे करावे लागले होते. परक्या शहरात मात्र वस्तुसंग्रहालयाचे तिकीट आणि हातातला नकाशा हेच निमित्त म्हणून पुरते. स्वतःच्या गावात जे हिंडणे संशयास्पद ठरते, ते तेथे पर्यटन या नावाने बिनबोभाट खपून जाते.