दुसऱ्यांच्या वंशावळी गाणारे

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मानोरा तालुक्यातील या गावाला देशभरातला गोर म्हणजेच बंजारा समाज आपली काशी मानतो. जगदंबेचे ठाणे आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, रामनवमीला येथे लाखोंची यात्रा भरते. अशा ठिकाणी एका वाद्याच्या नावाने एवढी मोठी वास्तू उभी राहावी, ही लोकसंगीतावर प्रेम करणाऱ्या कोणालाही समाधान देणारी घटना आहे. नंगाऱ्याचा सन्मान झाला. पण तांड्याचे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घरांची आज काय स्थिती आहे?

बंजारा संगीत म्हटले की आरशांची फेटिया-कांचोळी घालून रिंगण धरणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. तांड्याच्या व्यवस्थेत गाण्या-वाजवण्याची कामे वाटून दिलेली होती. गोत्रांचा इतिहास आणि पूर्वजांचे पराक्रम गाऊन सांगणे हे ढाडीचे काम. लग्नात, सणात वाद्य वाजवणे हे ढालियाचे. ढाडी यजमानाच्या दारी येई, त्याच्या पिढ्या गाऊन दाखवी आणि त्याबदल्यात त्याला मान, धान्य, जनावर मिळे. लिपी नसलेल्या गोरबोलीत समाजाचे दफ्तर त्याच्या कंठात होते.

वऱ्हाड पोलीस दलातील कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याची बंजाऱ्यांवरील टिपणे 1882 मध्ये छापली गेली. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील 1916 च्या ग्रंथात त्यांचा आधार घेतला. त्यात ढाडींविषयी मोजक्याच ओळी आहेत, पण त्या फार मोलाच्या आहेत. ढाडी सरस्वतीची पूजा करतात. त्यांचा मूळ पुरुष एक भाट होता आणि तो मुसलमान झाला. त्याच्या गाजी आणि गंधा या दोन मुलांच्या नावाने लग्नात बोकड दिला जातो, अशी ही नोंद आहे. सरस्वतीची पूजा आणि इस्लाम स्वीकारलेला पूर्वज एकाच घरात सुखाने नांदतात, असा या गवयांचा वारसा. या घराण्याची लिखित कुळकथा जवळजवळ येथेच संपते. बाप आणि दोन मुलगे यांच्यानंतरच्या पिढ्यांची नावे या ग्रंथात नाहीत. ज्यांनी राठोड, चव्हाण, पवार, जाधव यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हटल्या, त्यांच्या स्वतःच्या पिढ्या अंधारात राहिल्या.

ढाडीचे गाणे का मागे पडले, याची कारणे स्पष्ट आहेत. बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहणारा लमाणांचा म्हणजे बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने मोडला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ भटक्या व्यापारी समाजांना लागली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तोवर तांडे स्थिरावले होते आणि अनेकांची गुजराण मजुरीवर, पुढे ऊसतोडीवर आली होती. तांड्याच्या नायकाचे वैभव ओसरले, तसा ढाडीला पोसणारा यजमानही उरला नाही. कला संपली ती कलावंताची प्रतिभा आटली म्हणून नव्हे. तिला घर देणारी रीत मोडली म्हणून.

रीत टिकली तेथे गाणेही टिकले, हे उरलेल्या प्रकारांकडे पाहिले की पटते. तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस गातात. तो सण घराघरांत आहे, म्हणून ती गाणी मुलींच्या ओठांवर आहेत. होळीची लेंगी तर आज सर्वांत जोमात आहे. मात्र तिचा जोम तपासून पाहायला हवा. एकाने ओळ टाकायची, रिंगणाने ती झेलायची आणि पावलांबरोबर लय वाढत न्यायची, ही लेंगीची ताकद. कीबोर्ड आणि डीजेच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित झालेल्या लेंगीत लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते, आणि ऐनवेळी ओळ रचणाऱ्याला जागाच उरत नाही. प्रसार वाढला, पण रचनाशक्ती आकुंचन पावली. सर्वांत मोठा धोका ढावलोला आहे. नवरीने माहेर सोडताना रडत गायचा हा प्रकार मुली वडीलधाऱ्या बायकांकडून लग्नाआधी शिकत. एका दिवसात उरकणाऱ्या लग्नात त्या शिकण्याला वेळ कुठून मिळणार?

नाव नोंदले गेले तर घराण्याचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तबकडी आणि कॅसेटमुळे घरोघरी गेला. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श अशी परंपरा आज पोरांनाही पाठ आहे. राजस्थानातील मांगणियार तर ढाडींचे जवळचे नातलग शोभावेत असे. तेही मुसलमान, तेही हिंदू यजमानांच्या वंशावळी गाणारे. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापन केले. कोठारी गावोगाव फिरले, ध्वनिमुद्रणे केली, गवयांची घरे आणि त्यांचे यजमान टिपले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांची मुले तेच वाद्य जगभर वाजवत राहिली. विदर्भातील ढाडी आणि ढालिया यांना असा कोठारी भेटला नाही, एवढाच फरक.

त्यात भाषेची अडचण आहे. जनगणनेत लमाणी आणि बंजारी (म्हणजेच गोरबोली) या मातृभाषा हिंदीच्या खाली मोजल्या जातात. भाषेलाच स्वतंत्र ओळख नसेल, तर त्या भाषेतील गवयाची दखल शासनदरबारी कशी घेतली जाणार?

म्हणून मागणी साधी आहे. पोहरादेवीच्या संग्रहालयाने वस्तूंबरोबर माणसांची नोंदवही ठेवावी. वाशिम-यवतमाळच्या तांड्यांत ढाडी, ढालिया आणि ढावलो जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांची गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत. त्यावर त्यांचे नाव, गाव आणि त्यांना आठवतील तेवढ्या पिढ्या लिहाव्यात. त्यांना मानधन द्यावे. अमरावती विद्यापीठातील लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज सोपवता येईल. रामनवमीच्या यात्रेत ढाडीला एक रात्र मिळावी. आणि तांड्यातल्या शिकलेल्या तरुणांनी सरकारची वाट न पाहता या होळीपासूनच आपल्या आजी-आजोबांसमोर फोन धरावा, त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करावे आणि शेवटी त्यांच्या आईवडिलांची नावे विचारून घ्यावीत.