सिंधुतीरींचा मनुष्य : दान्तेच्या काव्यांतील पाप आणि सद्गुण

पाप आणि पुण्य हे शब्द आपल्या बोलण्यांत नेहमीं जोडीनें येतात. एक नांवें पडावयाचें, दुसरें जमा व्हावयाचें, आणि चित्रगुप्ताच्या वहींत दोहोंची वजाबाकी होऊन अखेरची शिल्लक निघावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत घेऊन ख्रिस्ती नीतिविचाराकडे वळलें म्हणजे पहिल्याच पावलाला ठेंच लागते. कारण तेथें पापाच्या समोर प्रथम उभा असतो तो पुण्याचा सांठा नव्हे, तर सद्गुण. म्हणजे मनाला लागलेलें स्थिर आणि सरळ वळण. पाप हेंहि तेथें केवळ एकादें कृत्य नसून त्या वळणांतील बिघाड असतें. हा भेद धर्मशास्त्र्यांच्या ग्रंथांतून समजून घेतां येईल. परंतु तो डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, तर दान्तेच्या महाकाव्यासारखें दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

दान्ते फ्लॉरेन्स शहरीं १२६५ सालीं जन्मला, १३०२ सालीं तेथून हद्दपार झाला, आणि १३२१ सालीं राव्हेन्ना येथें परक्यांच्या आश्रयाला असतां वारला. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे नरक, शुद्धिपर्वत आणि स्वर्ग असे तीन खंड असून त्यांचे मिळून शंभर सर्ग आहेत. पुष्कळ वाचक पहिला खंड वाचून थांबतात. तेथील शिक्षा चित्तास खिळवून ठेवणाऱ्या आहेत खऱ्या. पण नरकखंडावरून ख्रिस्ती नीतीची परीक्षा करणें म्हणजे तुरुंग पाहून एकाद्या राज्याच्या कायद्याविषयीं मत देण्यासारखें आहे. नरकांत पापाचें फळ दिसतें. पापाचें मूळ, आणि तें उपटण्याचा उपाय, हीं दोन्ही दुसऱ्या खंडांत आहेत.

मरणापूर्वीं ज्यांना पश्चात्ताप झाला, पण ज्यांच्या मनाचें वांकडें वळण अद्याप सरळ झालेलें नाहीं, असे जीव शुद्धिपर्वत चढत असतात. ह्या पर्वताला सात टप्पे आहेत. सर्वांत खालीं गर्व, मग अनुक्रमें मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा, आणि शिखराजवळ काम. गर्विष्ठ जड शिळांखालीं वांकून चालतात. मत्सरी लोकांच्या पापण्या, रानटी ससाण्याच्या शिवतात तशा, लोखंडी तारेनें शिवलेल्या आहेत. दुसऱ्याचें सुख ज्या डोळ्यांना पाहवलें नाहीं, त्यांनीं आतां कांहींच पाहूं नये. क्रोधाविष्ट काळ्या धुरांत चांचपडतात, आळशी अखंड धांवतात, लोभी हातपाय बांधलेल्या स्थितींत जमिनीवर पालथे पडले आहेत, खादाड फळांनीं लवलेल्या झाडांसमोर उपासानें वाळले आहेत, आणि कामी पुरुष व स्त्रिया ज्वालांतून चालत आहेत. हीं दुःखें नरकांतील दुःखांहून कमी तीव्र आहेत असें नाहीं. पण येथील जीव गात असतात, प्रार्थना करीत असतात. शिक्षा आणि उपचार ह्यांत जो फरक आहे तो हाच.

ही सातांची यादी दान्तेची नव्हे. इजिप्तच्या वाळवंटांत एकांतवास करणाऱ्या एव्हाग्रियस ह्या साधूनें चौथ्या शतकांत मनाला छळणाऱ्या आठ विचारांचें वर्णन केलें. त्याचा शिष्य कॅसियन ह्यानें ती परंपरा पश्चिमेकडे नेली. आणि ५९० ते ६०४ पर्यंत पोपपदावर असलेल्या थोर ग्रेगरीनें गर्वाला सर्व पापांची मुळी ठरवून त्या यादीची फेरमांडणी केली. हा ग्रेगरी वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे. आपल्या षड्रिपूंशीं ही यादी ताडून पाहिली तर काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर हे पांच दोहोंकडे आढळतात. परंतु ह्या साम्यावर फार भिस्त ठेवूं नये. ‘रिपु’ म्हटला कीं तो जिंकावयाचा, ठार करावयाचा. दान्तेच्या पर्वतावर कोणी शत्रूला ठार करीत नाहीं.

ह्याचें कारण सतराव्या सर्गांत, म्हणजे सबंध काव्याच्या जवळ जवळ मध्यभागीं, सांगितलें आहे. दान्तेचा मार्गदर्शक व्हर्जिल रात्रीच्या मुक्कामीं त्याला समजावून देतो कीं, प्रत्येक सद्गुणाचें आणि प्रत्येक पापाचें बीज एकच : प्रीति. निसर्गदत्त प्रीति चुकत नाहीं. पण मनानें निवडलेली प्रीति तीन तऱ्हांनीं चुकते. कधीं तिचें लक्ष्यच वाईट असतें. आणि स्वतःचें वाईट कोणी इच्छीत नसल्यामुळें तें वाईट म्हणजे शेजाऱ्याचें. शेजारी खालीं गेल्यावांचून आपण वर येत नाहीं असें ज्याला वाटतें तो गर्विष्ठ. शेजारी वर आल्यानें आपला मान जाईल म्हणून जो झुरतो तो मत्सरी. आणि अपमानानें पेटून जो सूड इच्छितो तो क्रोधी. कधीं लक्ष्य चांगलें असून प्रीति मंद असते, तो आळस. आणि कधीं धन, अन्न, देह अशा गौण वस्तूंवर ती मर्यादेबाहेर जाते. तेथून शेवटचीं तीन पापें उद्भवतात. ह्या विचाराचा पाया ऑगस्टाइननें सुमारें हजार वर्षांमागें चौथ्या-पांचव्या शतकांत घातला होता आणि तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें त्यावर शास्त्राची इमारत उभारली होती. परंतु त्या इमारतींत माणसें राहावयास आणलीं तीं दान्तेनें.

ह्या उपपत्तीचें महत्त्व असें कीं, तिच्यांत वासनेचा नाश हा सद्गुण ठरत नाहीं. प्रीति मारावयाची नाहीं, तिला योग्य जागीं आणि योग्य मापांत आणावयाची. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पापाचे दाखले येतात तसे त्याच्या उलट सद्गुणाचेहि येतात. त्यांत पहिला दाखला नेहमीं ख्रिस्तमाता मेरीचा. पण मागोमाग ख्रिस्ती नसलेल्यांचेहि. नम्रतेच्या टप्प्यावर संगमरवरांत कोरलेलें एक चित्र आहे. रोमन सम्राट् ट्राजन सैन्यासह मोहिमेवर निघाला आहे, आणि मुलाचा खून झालेली एक विधवा त्याच्या घोड्याचा लगाम धरून न्याय मागत आहे. परत आल्यावर पाहूं, असें तो म्हणतो. आपण परत आलां नाहीं तर? असें ती विचारते. माझ्या जागीं येणारा न्याय करील, असें त्याचें उत्तर. दुसऱ्याच्या हातून घडलेलें सत्कृत्य आपल्या काय कामाचें, असा तिचा प्रतिप्रश्न. सम्राट् थांबतो. नम्रता म्हणजे मान खालीं घालणें नव्हे, तर अधिकारानें न्यायापुढें थांबणें, ही व्याख्या ह्या एका चित्रानें केली आहे.

कवि स्वतः प्रेक्षक राहत नाहीं, हें ह्या खंडाचें आम्हांस सर्वांत मोठें बळ वाटतें. पर्वताच्या दाराशीं देवदूत तरवारीच्या टोकानें त्याच्या कपाळावर पापवाचक लॅटिन शब्दाचें आद्याक्षर सात वेळां कोरतो; योगायोगानें आपल्याहि शब्दाचें तें आद्याक्षर आहे. गर्विष्ठांबरोबर दान्ते जोखडांतील बैलासारखा वांकून चालतो, आणि मत्सराहून आपल्याला ह्या खालच्या टप्प्याचेंच भय अधिक आहे, अशी कबुली देतो. तेथून वर चढतांना पहिलें अक्षर पुसलें जातें, आणि उरलेलीं सहाहि आपोआप फिकीं पडलेलीं दिसतात. गर्व हें मूळ आहे, ही ग्रेगरीची शिकवण ह्याहून थोडक्यांत कोणी सांगितली असेल असें वाटत नाहीं.

येथवर अख्रिस्ती वाचकाला अडण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु जो व्हर्जिल हें सर्व शिकवतो, त्याचें काय? हा लॅटिन कवि ख्रिस्तजन्मापूर्वीं एकोणीस वर्षें वारला. त्यानें पाप केलें म्हणून नव्हे, तर जें करावयास हवें होतें तें केलें नाहीं म्हणून तो स्वर्गाला मुकला आहे. आणि ॲरिस्टॉटल, प्लेटो ह्यांच्याबरोबर नरकाच्या पहिल्या कडेवर, लिम्बोंत, राहतो. तेथें यातना नाहींत; आशेवांचून इच्छा आहे आणि निःश्वास आहेत. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण मनुष्याला स्वप्रयत्नानेंहि साधतात. श्रद्धा, आशा आणि ईश्वरप्रीति हे तीन मात्र केवळ कृपेनें मिळतात. व्हर्जिलजवळ चार होते, तीन नव्हते. मनुष्याची बुद्धि सर्व कांहीं जाणूं शकती तर ॲरिस्टॉटल आणि प्लेटो ह्यांची इच्छा अतृप्त राहती ना, असें बोलतां बोलतां तो तिसऱ्या सर्गांत मान खालीं घालतो आणि गप्प होतो. स्वतःचें नांव त्यानें घेतलेलें नसतें. पुढें स्टॅशियस हा कवि त्याला भेटतो. दान्तेच्या कल्पनेप्रमाणें हा व्हर्जिलच्याच ओळी वाचून ख्रिस्ती झालेला. तो व्हर्जिलला रात्रीं पाठीमागें दिवा धरून चालणाऱ्याची उपमा देतो : स्वतःला उजेडाचा उपयोग नाहीं, मागून येणाऱ्यांची वाट मात्र उजळते. शिखरावर बेआत्रिचे प्रकट होतांच व्हर्जिल नाहींसा होतो, आणि स्वर्गाच्या दाराशीं पोंचलेला दान्ते रडूं लागतो.

ह्या आंसवांवरून टीकाकारांत दोन तट पडतात. कोणी म्हणतात, कवीनें गुरूला निष्ठुरपणें दारांतून परत पाठविलें. कोणी म्हणतात, कवि मनांतून आपल्या धर्ममताविरुद्ध बंड करून उठला आहे. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. ज्या विचारानें गर्वाला पहिलें पाप ठरविलें, त्यालाच सद्गुणांची पुंजी दाखवून स्वर्ग मागण्याची मुभा देतां येत नाहीं. तशी मुभा दिली कीं पहिल्या टप्प्यावर टाकून दिलेला गर्व शेवटच्या दारानें आंत शिरतो. मोक्ष ही कमाई नव्हे, देणगी आहे, हें तत्त्व नम्रतेच्याच पोटीं जन्मलेलें आहे. पण त्याची किंमत व्हर्जिलनें द्यावी लागते, आणि ती किंमत दान्ते लपवीत नाहीं.

हा प्रश्न त्याला किती छळीत होता, हें स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गांत दिसतें. आणि तेथें तो आपल्या दाराशीं येऊन उभा राहतो. न्यायी राजांच्या आत्म्यांचा बनलेला एक तेजोमय गरुड दान्तेच्या मनांतील जुनी शंका बोलून दाखवितो. सिंधुनदीच्या तीरीं एक मनुष्य जन्मतो. तेथें ख्रिस्ताविषयीं बोलणारा, वाचणारा, लिहिणारा कोणी नाहीं. त्याच्या इच्छा आणि कृत्यें चांगलीं आहेत. वाणींत वा वर्तनांत पाप नाहीं. तो बाप्तिस्म्यावांचून मरतो. त्याला दोषी ठरविणारा न्याय कोणता? त्यानें श्रद्धा ठेविली नाहीं ह्यांत त्याचा अपराध काय? हद्दपारींतल्या इटालियन कवीनें सातशे वर्षांपूर्वीं हा प्रश्न विचारण्यासाठीं आपलाच देश निवडावा, हें वाचतांना आम्ही क्षणभर थांबलों, हें कबूल केलें पाहिजे.

गरुडाचें पहिलें उत्तर समाधानकारक नाहीं. वीतभर दृष्टीनें हजार कोसांवरचा निवाडा करणारा तूं कोण, एवढेंच तो म्हणतो. हें उत्तर नव्हे, दटावणी आहे. परंतु तो तेथें थांबत नाहीं. ख्रिस्ताचें नांव घेऊन ओरडणारे कित्येक लोक न्यायाच्या दिवशीं, त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षां त्याच्यापासून अधिक दूर असतील, असें तो पुढें बजावतो, आणि युरोपांतील ख्रिस्ती राजांचीं दुष्कृत्यें एकामागून एक मोजतो. मग विसाव्या सर्गांत तो आपल्या डोळ्याभोंवतींचे सहा तेजस्वी आत्मे दाखवितो. त्यांत एक ट्राजन. ग्रेगरीच्या प्रार्थनेनें तो पुन्हां जिवंत होऊन श्रद्धावान् झाला, अशी मध्ययुगीन आख्यायिका होती. पापांची यादी मांडणाऱ्यानेंच यादीबाहेरच्यासाठीं दार ठोठावलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसरा रिफियस नांवाचा ट्रॉयकर. त्यानें आपली सारी प्रीति न्यायावर ठेविली, आणि बाप्तिस्म्याची चाल पडण्यापूर्वीं हजारांहून अधिक वर्षें श्रद्धा, आशा आणि प्रीति ह्याच त्याचा बाप्तिस्मा झाल्या.

हा रिफियस कोण? व्हर्जिलच्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गांत ट्रॉयच्या लढाईंत पडलेला एक योद्धा. तो सर्व ट्रॉयकरांत न्यायी होता, एवढें व्हर्जिल जातां जातां सांगतो. त्या दोन शब्दांवर दान्तेनें त्याला स्वर्ग दिला, आणि ते शब्द लिहिणारा मात्र लिम्बोंत राहिला. ह्यांत कोणाला क्रूर उपहास दिसेल. आम्हांस दिसतें तें असें : दार बंद आहे असें दान्ते म्हणत नाहीं, दाराची किल्ली कोणाच्या हातीं आहे हें आपल्याला ठाऊक नाहीं, असें म्हणतो. दार लावून घेणारा धर्माभिमानी आणि आपल्या सद्गुणांच्या बळावर दार ढकलणारा नीतिमान्, दोघेहि त्याच्या लेखीं पहिल्या टप्प्यावरचे आहेत.

ख्रिस्ती विचार पुढें कोठें गेला हेंहि सांगितलें पाहिजे. ज्यांना स्वतःच्या दोषावांचून ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, त्यांनाहि कृपेच्या योगें मोक्ष मिळूं शकतो, असें व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनें १९६४ सालीं स्पष्ट शब्दांत लिहून ठेविलें. सिंधुतीरींच्या मनुष्याला उत्तर मिळावयास साडेसहाशे वर्षें लागलीं. परंतु त्या उत्तरानें दान्तेचा सर्ग शिळा झाला असें आम्हांस वाटत नाहीं. मतें ठरावानें बदलतात. तो ठराव होण्यापूर्वीं कोणाला तरी आपल्या गुरूसाठीं स्वर्गाच्या दाराशीं रडावें लागतें. ज्या वाचकानें नरकखंड वाचून पुस्तक मिटलें असेल, त्यानें तें पुन्हां उघडावें आणि पर्वताच्या पायथ्यापासून सुरुवात करावी, एवढीच आमची शिफारस आहे.