पत्त्यातील 'शब्द': जँगोच्या मार्गसूत्रांचे भाषिक परीक्षण

संकेतस्थळाकडे एखाद्या पानाची मागणी आली, की तिच्यातील पत्ता पाहून ती कोणाकडे सोपवावयाची हे प्रथम ठरवावे लागते. पायथन भाषेत रचलेल्या आणि २००५ मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये हे काम आरंभापासून रेग्युलर एक्स्प्रेशन या सूत्रपद्धतीकडे होते. पत्त्याचा आकार सूत्रात मांडावयाचा आणि यादीतील जे सूत्र प्रथम जुळेल त्याने मार्ग ठरवावयाचा, अशी ही योजना होय. डिसेंबर २०१७ मधील २.० या आवृत्तीने तिच्या जोडीस 'पाथ' ही सोपी रीत आणली. या रीतीत सूत्राऐवजी 'इंट', 'स्लग' अशी प्रकारनामे लिहितात. या दोन्ही रीतींचा विचार येथे भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती विवेचनातून ही सूत्रे निघाली. भाषेच्या अभ्यासकास ती परकी वाटू नयेत. पाणिनी 'अच्' एवढे म्हणून सर्व स्वर सांगतो; त्याचप्रमाणे येथेही एका खुणेने वर्णांचा एक गण सांगता येतो. 'डब्ल्यू' ही अशीच एक खूण असून, शब्दात येऊ शकणारा वर्ण असा तिचा अर्थ आहे. प्रश्न एवढाच, की त्या गणात कोणास प्रवेश आहे?

पायथनच्या मते तो अक्षरांना, अंकांना व अधोरेखेला आहे. देवनागरीतील काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही युनिकोडात अक्षरे नसून 'चिन्हे' आहेत. म्हणून ती गणाबाहेर राहतात. परिणामी 'ऊस' हा शब्द या सूत्राशी पूर्ण जुळतो, परंतु 'पलूस' या नावाशी सूत्र दीर्घ ऊकारापाशीच अडते. स्वर एकच, केवळ त्याच्या लेखनाची जागा बदलली. शीर्षकातून पत्ता बनविणाऱ्या जँगोच्या 'स्लगिफाय' या साधनास युनिकोडाची मुभा दिली, तरी ते हाच गण वापरते आणि बाहेरची चिन्हे गाळून टाकते. मग पलूसचे 'पलस', कुंडलचे 'कडल' आणि किर्लोस्करवाडीचे 'करलसकरवड' होते. 'सातारा' आणि 'सतरा' हे दोन्ही शब्द तर 'सतर' या एकाच पत्त्यावर येतात. येथे केवळ शुद्धलेखनाची हानी होते असे नव्हे. दोन नावांमधील भेदच नाहीसा होतो.

याचा दोष सूत्रपद्धतीस देणे न्याय्य नव्हे. पर्ल भाषेत हीच खूण या चिन्हांनाही आपल्यात घेते. पायथनमध्येही देवनागरीची वर्णमर्यादा सूत्रात स्पष्ट लिहिता येते. दोष आहे तो गणाच्या व्याख्येत.

'पाथ' रीतीने वाचन सुलभ झाले, आणि पत्त्यातील संख्या आयतीच संख्या म्हणून हाती येऊ लागली, हे गुण मान्य केले पाहिजेत. तथापि 'स्लग' या नावाआड रोमन अक्षरे, आंतरराष्ट्रीय अंक, संयोगरेषा व अधोरेखा एवढेच आहे. देवनागरीस तेथे मुळीच वाव नाही. 'इंट' हे नावही देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष नाकारते. जुन्या रीतीतील अंकवाचक खूण मात्र ते स्वीकारीत असे. जुने सूत्र क्लिष्ट होते खरे. परंतु त्याने घातलेली मर्यादा वाचणाऱ्यास तेथेच दिसे. नव्या नावाने ती झाकली गेली आहे, आणि आमच्या मते क्लिष्टतेपेक्षा हे झाकणे अधिक घातक आहे.

उपाय अवघड नाही. जँगोत स्वतःचे प्रकारनाम नोंदविण्याची सोय आहे. मराठी संकेतस्थळ रचणाऱ्याने स्वरचिन्हांसह देवनागरीचा गण स्वतः सांगावा आणि पत्ता बनविणाऱ्या साधनासही तोच लावावा. शब्द कशास म्हणावे हा व्याकरणाचा निर्णय आहे; तो यंत्राच्या पूर्वयोजनेवर सोडला, तर गावाचे नाव गावाच्याच पत्त्यातून पुसले जाते.