समुपदेशनातील मनोविकारनिदान आणि उपचार-नियोजन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात येणारा विद्यार्थी बहुधा आजाराचे नाव घेऊन येत नाही. 'अभ्यासात मन लागत नाही', 'डोके जड होते', 'छातीत धडधडते', 'कशातच राम वाटत नाही' अशा शब्दांत तो आपली व्यथा सांगतो. या व्यथेचे रूपांतर निदानात कसे होते, त्या निदानावरून उपचाराची योजना कशी आखली जाते आणि या दोहोंच्या दरम्यान काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न आता केवळ मानसशास्त्र विभागापुरता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा खटल्यात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. नेमणूक झाली म्हणजे समुपदेशकाने नेमके काय करावे हे ठरले, असे मात्र नाही. त्याने निदान करावे का, केल्यास कोणत्या अधिकाराने, आणि केलेल्या निदानाचा विद्यार्थ्याला उपयोग काय, हे प्रश्न शिल्लक राहतात.

निदानपद्धतीची वाटचाल

आपल्याकडील अपसामान्य मानसशास्त्राच्या अध्यापनात अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 'डायग्नॉस्टिक अँड स्टॅटिस्टिकल मॅन्युअल' या ग्रंथाची, म्हणजेच डीएसएमची, चौकट सामान्यतः प्रमाण मानली जाते. १९५२ च्या पहिल्या आणि १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर मनोविश्लेषणाची छाप होती. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने कारणमीमांसा बाजूला ठेवली आणि लक्षणांच्या निश्चित याद्या दिल्या. दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला दोन वेगळी नावे देऊ नयेत, हा त्यामागील रास्त हेतू होता. याच आवृत्तीने पंच-अक्षीय पद्धती आणली. तीत विकाराबरोबरच शारीरिक आजार, मनोसामाजिक ताण आणि व्यक्तीची कार्यक्षमता यांचीही नोंद होत असे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही पद्धती रद्द केली. समुपदेशकाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरतो, कारण घर, पैसा, शिक्षण व नातेसंबंध यांच्या नोंदीसाठी असलेली स्वतंत्र जागा त्यामुळे गेली. तत्संबंधी संकेतांक आजही उपलब्ध आहेत. परंतु ते भरण्याची शिस्त उरली नाही.

ही वर्गवारी निव्वळ वैज्ञानिक नसते, याचाही अनुभव आहे. समलैंगिकता हा विकार नाही, असा निर्णय १९७३ मध्ये घेण्यात आला. त्यापूर्वी ज्यांच्यावर हे 'निदान' लादले गेले, त्यांच्या प्रकृतीत त्या वर्षी काही बदल झाला नव्हता. बदलली ती समाजाची आणि व्यवसायाची दृष्टी.

निकषांचे गणित

तीव्र अवसाद विकृतीचे उदाहरण घेऊ. डीएसएमनुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे असावी लागतात आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा रस गमावणे यांपैकी एक असणे आवश्यक असते. ही अट पूर्ण करणाऱ्या लक्षणसमूहांची संख्या मोजली तर ती २२७ भरते. म्हणजे एकाच नावाखाली २२७ वेगवेगळी चित्रे संभवतात. दोन विद्यार्थ्यांमध्ये पाचपैकी केवळ एकच लक्षण समान असूनही दोघांचे निदान एकच होऊ शकते.

नावावर तरी तज्ज्ञांचे एकमत होते का, हेही पाहणे आवश्यक आहे. पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रीय चाचण्यांत दोन स्वतंत्र परीक्षकांमधील सहमती कप्पा गुणांकाने मोजण्यात आली. आघातोत्तर ताण विकृतीसाठी हा गुणांक ०.६७ इतका समाधानकारक होता. परंतु तीव्र अवसादासाठी तो ०.२८ आणि सामान्यीकृत चिंता विकृतीसाठी ०.२० इतकाच आला. योगायोगाने न झालेली पूर्ण सहमती १ मानली, तर या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. समुपदेशकासमोर सर्वाधिक येणाऱ्या तक्रारी नेमक्या याच दोन प्रकारांतील असतात. प्रशिक्षित तज्ज्ञांची ही स्थिती असेल, तर अर्ध्या तासाच्या भेटीत आणि एका प्रश्नावलीच्या आधारे महाविद्यालयात दिल्या जाणाऱ्या नावाचे मोल किती, याचा विचार व्हावयास हवा. पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली चाळणी म्हणून उपयुक्त आहे. तीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ आहे. तो निर्णय नव्हे.

निदान नाकारण्याची भूमिका आणि तिच्या मर्यादा

वरील विवेचनावरून निदानच नको, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. १९६१ मध्ये थॉमस साझ यांनी मानसिक आजार ही संकल्पनाच मिथक ठरवली. १९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान यांनी निरोगी व्यक्तीही मनोरुग्णालयात रुग्ण ठरतात, असे दाखवणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाच्या सत्यतेविषयी सुझॅना कॅहलन यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. तरीही आपल्या वर्गांतून तो अनेकदा निर्विवाद पुरावा म्हणून शिकवला जातो. समुपदेशन क्षेत्रातही 'आम्ही लेबल लावत नाही' असे अभिमानाने म्हटले जाते. या वाक्यामागील माणुसकी मान्य करूनही त्यातील धोका दुर्लक्षून चालणार नाही.

सतत थकवा आणि मंदपणा असलेल्या विद्यार्थिनीची तक्रार रक्तक्षयाची किंवा थायरॉईडची असू शकते. उदास दिसणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी कधी झोपेची गरज न वाटता अतिउत्साहाचे दिवस आले होते का, हे विचारले नाही, तर द्विध्रुवी विकार निसटतो. आणि केवळ अवसादविरोधी औषध सुरू झाल्यास उन्माद उद्भवण्याचा संभव असतो. एकलकोंडा होत गेलेला, संशय घेऊ लागलेला युवक 'लाजाळू' म्हणून सोडून दिला, तर छिन्नमनस्कतेच्या उपचारातील मोलाचे महिने वाया जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांतील उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के आढळले. ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि आपली स्थिती फार निराळी असेल, असे मानण्यास आधार नाही. अशा समाजात निदानाचा अतिरेक ही एक समस्या असेल, तर निदानाचा अभाव ही तितकीच मोठी समस्या आहे.

निदान ते उपचार-नियोजन : मधला दुवा

खरा दोष निदान करण्यात किंवा न करण्यात नसून निदानावरून थेट उपचारावर उडी मारण्यात आहे. या दोन टप्प्यांच्या मध्ये समस्येची मांडणी हा टप्पा येतो. व्यक्तीला त्रासास प्रवण करणारे घटक, त्रास आत्ताच उद्भवण्याचे निमित्त, तो टिकवून धरणारे घटक आणि व्यक्तीची बलस्थाने यांची संगती लावणे, असे या मांडणीचे स्वरूप असते. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जैव-मनो-सामाजिक प्रारूपाचा हा व्यावहारिक विस्तार होय.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक विद्यार्थी घेऊ. दोघेही अवसादाचे निकष पूर्ण करतात. पहिली विद्यार्थिनी वसतिगृहात राहते. शालेय शिक्षण मराठीतून झालेले, विज्ञान शाखेतील व्याख्याने इंग्रजीतून. पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले आणि ती वर्गात जाणे टाळू लागली. तिच्या बाबतीत टाळणे हाच त्रास टिकवणारा घटक आहे. दैनंदिन कृतींचे वेळापत्रक, भाषेसाठी साहाय्य आणि विषयशिक्षकांशी तिच्या संमतीने संवाद, ही तिच्यासाठी योजना होऊ शकते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे आठ महिन्यांपूर्वी निधन झाले. घरची शेती आणि कर्ज त्याच्यावर आले आहे. मरणाचे विचार मनात येतात. येथे प्रथम आत्महत्येच्या जोखमीचे मूल्यमापन, सुरक्षिततेची योजना आणि मनोविकारतज्ज्ञाकडे तातडीने पाठवणी आवश्यक आहे. त्यानंतर शोकाविषयी काम आणि शुल्क-सवलतीसारखी मदत. नाव एक, योजना दोन. निदानाने ही भिन्नता दाखवली नाही, मांडणीने दाखवली.

दुसऱ्या उदाहरणात आणखी एक गुंता आहे. दीर्घकालीन शोक विकृती हे निदान आयसीडी-११ मध्ये सहा महिन्यांनंतर करता येते, तर डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिने उलटावे लागतात. म्हणजे आठव्या महिन्यात तोच शोक एका ग्रंथानुसार विकार ठरू शकतो, दुसऱ्यानुसार नाही. मराठी घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण साजरे न करण्याची रीत आढळते; शोकाला वर्षाची मुदत देणारी ही व्यवस्था आहे. समाजाच्या व धर्माच्या अपेक्षित मर्यादेपलीकडे शोक गेला आहे काय, हे पाहण्यास आयसीडी-११ सांगते. ही मर्यादा समुपदेशकाला घरातील माणसांशी बोलूनच कळू शकते. मात्र शोकाला कोणतेही नाव दिले, तरी जोखमीचे मूल्यमापन त्याची वाट पाहत थांबू शकत नाही.

भारतीय कायदा आणि आपली भाषा

अमेरिकेत विम्याचा परतावा मिळण्यासाठी समुपदेशकाला सामान्यतः निदानाचा संकेतांक द्यावा लागतो. तेथील समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकांत निदानाला मध्यवर्ती स्थान मिळण्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या महाविद्यालयात ही गरज नाही. सवय तेवढी आयात झाली आहे. त्याच अमेरिकन समुपदेशकांच्या २०१४ च्या आचारसंहितेत, निदानाने सल्लार्थीचे अहित होणार असेल तर ते न करण्याची मुभा दिली आहे. तिची चर्चा मात्र आपल्याकडे क्वचितच होते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजाराचे निर्धारण राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसार व्हावयाचे असून त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा निर्धारणाचा आधार होऊ शकत नाही, असेही हे कलम बजावते. आंतरजातीय प्रेमसंबंधामुळे घरच्यांनी 'वेडी झाली' म्हणून आणलेल्या मुलीच्या बाबतीत ही तरतूद किती मोलाची आहे, हे सांगावयास नको. कायदा आयसीडीचा आणि अध्यापन डीएसएमचे, ही विसंगती अभ्यासमंडळांनी विचारात घ्यावयास हवी.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 'जीव घाबरतो' ही तक्रार चिंतेची असेल, हृदयाची असेल किंवा उपासमारीचीही असेल. डीएसएम-५ मध्ये सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत समाविष्ट आहे. तुमच्या शब्दांत त्रास सांगा, तुमच्या मते तो कशामुळे झाला, आजवर कोणाची मदत घेतली, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. संपूर्ण ग्रंथातील हा भाग आपल्या समुपदेशकाला सर्वांत उपयोगी आहे. लक्षणांच्या याद्या मात्र पाठ करून घेतल्या जातात आणि ही मुलाखत वगळली जाते.

निष्कर्ष

१) समुपदेशकाने निदानाचे ज्ञान अवश्य मिळवावे, परंतु त्याचा उपयोग नाव देण्यासाठी नव्हे, तर धोका ओळखण्यासाठी आणि योग्य ठिकाणी पाठवणी करण्यासाठी करावा. औपचारिक निदान मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञावर सोपवावे.

२) केंद्राच्या नोंदीत तात्पुरता अंदाज, समस्येची मांडणी, सल्लार्थीने स्वतः मान्य केलेली उद्दिष्टे आणि फेरतपासणीची तारीख असावी. सहा आठवड्यांत बदल न दिसल्यास योजनेइतकीच मांडणीही तपासावी.

३) ही नोंद गोपनीय राहावी. हजेरी, शिस्त वा प्रवेश यांच्याशी संबंधित कागदपत्रांत आजाराचे नाव जाता कामा नये.

४) प्राध्यापकांनी निदान करू नये; बदल टिपावा, विद्यार्थ्याशी बोलावे आणि त्याला केंद्रापर्यंत पोहोचवावे. केंद्र बंद असताना टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा.

निदान हे समजून घेण्याच्या प्रक्रियेचा आरंभ आहे. ते शेवट मानले गेले, की विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक नाव उरते. मदतीची वाट त्या नावातून दिसत नसेल, तर दोष विद्यार्थ्याच्या प्रतिसादात नसून आपल्या पद्धतीत आहे.