घराण्याचे वेड आणि श्रुतिकेचा कान

प्रतिभा आणि वेड यांचे नाते हे श्रुतिकेला नेहमीच भुरळ घालणारे आशयसूत्र आहे. श्रोत्याला चेहरा दिसत नाही. त्यामुळे पात्राच्या मनातील आवाज आणि शेजारच्या खोलीतील आवाज यांत हे माध्यम स्वतःहून भेद करीत नाही. रुग्णाची स्थिती श्रोत्याच्या अनुभवाला आणून देण्याची ही शक्ती रंगभूमीजवळ नाही. मात्र तिचा उपयोग बहुधा स्वस्तात होतो. घुमणारा प्रतिध्वनी, व्हायोलिनचा ताणलेला सूर, एक विकट हास्य, की झाले वेड सिद्ध.

मराठीत या सूत्राचा माग काढताना मालवणच्या दक्षिणेस वेंगुर्ल्याकडे वळावे लागते. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) आणि जयवंत दळवी (१९२५–१९९४) या दोघांची मुळे त्याच तालुक्यातली. खानोलकर काही काळ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरीस होते. त्यांचे ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) आणि दळवींचे ‘बॅरिस्टर’ (१९७७) ही दोन्ही नाटके विजया मेहता यांनीच बसवली. तरीही समीक्षेने दोघांना निराळी माप लावली. खानोलकरांच्या बाबतीत ‘झपाटलेला प्रतिभावंत’ हे मिथक इतके सोयीचे ठरले, की विदूषकाच्या बोलण्यातील लय आणि विराम यांची कारागिरी तपासण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत.

दळवींनी मात्र प्रतिभेचे सांत्वन काढून टाकले. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्या कादंबरीवरून त्यांनी रचलेल्या ‘बॅरिस्टर’चा नायक कलावंत नाही, विलायतेत शिकलेला, सुधारणावादी गृहस्थ आहे. वडील आणि भाऊ वेडे झाले, आता पाळी आपली, ही धास्ती त्याला पोखरते. येथे आनुवंशिकता ही शरीरातील गोष्ट आहेच. पण त्याहून अधिक ती घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाणारी कथा आहे. मालवणकडच्या गावांत सोयरीक जुळवताना ‘घराण्यात काही आहे का’ ही चौकशी दबक्या आवाजात होते, कुलदोषासाठी देवळात कौलही लावला जातो. हा दबका आवाज श्रुतिकेला किती अनुकूल!

शास्त्राचा आधार येथे जपूनच घ्यावा लागतो. नॅन्सी अँड्रियासन यांनी १९८७ मध्ये ३० लेखकांची ३० इतर व्यक्तींशी तुलना केली. भावविकारांचे प्रमाण लेखकांत ८० टक्के, इतरांत ३० टक्के आढळले. नमुना लहान होता. २०११ च्या स्वीडिश अभ्यासात सुमारे ३ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची निरोगी भावंडे सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेहून अधिक आढळली. स्वतः रुग्ण एकूण पाहता तसे नव्हते. म्हणजे वेड हीच प्रतिभेची किंमत, हे लाडके समीकरण येथे डळमळते. नाट्य शोधायचे ते आजारी माणसाशेजारी वाढलेल्या, लिहू शकणाऱ्या भावंडात. त्याच्या वाट्याला आलेली अपराधी भावना मराठी श्रुतिकेने अजून पुरेशी ऐकलेली नाही.

‘बॅरिस्टर’चे श्रुतिकारूप करणाऱ्यापुढे म्हणून पहिला प्रश्न ध्वनिपरिणामांचा नाही. वेड्या वडिलांचा आवाज श्रोत्यांना ऐकवायचा की नाही, हा आहे. ऐकवला तर वारसा वस्तुस्थिती ठरतो. न ऐकवता केवळ बॅरिस्टरने तो ऐकल्यासारखे बोलावे, असे ठरवले तर मावशीच्या साध्या हाकेतही श्रोता तो आवाज शोधू लागेल.