जर्मन लहरी, मराठी कान

१९४२ मध्ये बर्लिनहून सुरू झालेल्या आझाद हिंद रेडिओवर मराठीतही बातमीपत्रे दिली जात. ती युद्धकाळाची निकड होती. डॉइचे वेले या जर्मन प्रसारकाची हिंदी सेवा १९६४ मध्ये आली आणि विदर्भातल्या शॉर्टवेव्ह श्रोत्यांना जर्मनी कळली ती बहुतांशी हिंदीतून. २०११ मध्ये डॉइचे वेलेने हिंदी रेडिओ बंद केला, जर्मन भाषेतले शॉर्टवेव्ह प्रसारणही थांबवले. आता यवतमाळात जर्मन रेडिओ ऐकायचा तर मोबाइलवरच.

मोबाइलवर मात्र खजिना आहे. एआरडी या सार्वजनिक प्रसारकांच्या संघाच्या ध्वनिसंग्रहात रेडिओ-नाटके, वृत्तांत, चर्चा सवडीने ऐकता येतात. रेडिओ-नाटक ही तिथे स्वतंत्र साहित्यविधा मानली जाते. १९५१ मध्ये ग्युंटर आइख यांचे 'ट्रॉयमं' प्रसारित झाले, तेव्हा अस्वस्थ श्रोत्यांनी फोन करून संताप व्यक्त केला. रेडिओवरच्या नाटकाला तेव्हा एवढ्या गांभीर्याने घेतले जाई! युद्धात दृष्टी गमावलेल्यांच्या संघटनेने याच विधेसाठी पुरस्कार सुरू केला, तोही प्रतिष्ठेचा ठरला.

या डोलाऱ्यामागे पैसा आहे. २०१३ पासून प्रत्येक घराला प्रसारण वर्गणी भरावी लागते. २०२१ पासून ती दरमहा १८.३६ युरो आहे. त्यावर कुरकुर होतेच, आणि २०२४ मध्ये जर्मन राज्यांनी रेडिओ वाहिन्या कमी करण्याचे ठरवले.

मराठी रेडिओही अशा श्राव्य कलेत पोरका नव्हता. पुणे आकाशवाणीवर १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक गीत याप्रमाणे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण उभे राहिले. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी आकाशवाणीत नोकरी केली. रेडिओ-नाटकासाठी श्रुतिका हा शब्द घराघरांत रुळला होता. पण आपल्याकडे रेडिओचा सशुल्क परवाना १९८०च्या दशकात गेला आणि रेडिओला पैसे देणारा श्रोताही त्याबरोबर गेला. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, म्हणून तिथे गाणी आणि गप्पा उरल्या. २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्यातला प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय विरोधामुळे थांबवावा लागला. म्हणजे श्रोता अजून जागा आहे.

यवतमाळला आकाशवाणीचे १०२.७ मेगाहर्ट्झवर एफएम केंद्र आहे. कापूस, सोयाबीन, वऱ्हाडी बोली, कोलाम आणि गोंड वस्त्या, शेतकरी आत्महत्यांचे दुःख : रेडिओ-नाटकाला आणि ध्वनिवृत्तांताला यापेक्षा समृद्ध सामग्री कुठे मिळणार? ती केवळ कृषिसल्ल्यात आणि चित्रपटगीतांत मावणारी नाही.

म्हणून मागणी दोनच. आकाशवाणीने मराठी श्रुतिकांचा जुना संग्रह मोबाइलवर खुला करावा, आणि यवतमाळसारख्या केंद्राला स्थानिक लेखक-कलावंतांच्या श्रुतिकांसाठी नियमित वेळ आणि रास्त मानधन द्यावे.